दारू सोडल्यावरही तोल का जातो? दोष कानाचा, मेंदूचा की पायांचा?

प्रश्न – पुतण्या, शिवाजी पेठ, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. माझे चुलते, वय ५२, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मोल्डिंगचे, म्हणजे साचे बनवण्याचे, काम करतात. वीसेक वर्षे ते रोज दारू पीत होते आणि तंबाखू त्याच्याही आधीपासून खातात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी दारू सोडली, त्याला आता दोन महिन्यांहून अधिक काळ झाला आहे. भूक सुधारली, हातांची थरथर थांबली, बोलणे स्वच्छ झाले. तोल मात्र अजूनही जातो.

मला दोन वेगवेगळे प्रकार दिसतात. चालताना ते पाय फाकवून चालतात, दिवेलागणीनंतर गल्लीतून येताना भिंतीचा आधार घेतात आणि मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एका बाजूला झुकतात. दुसरा प्रकार अंथरुणातला आहे. उजव्या कुशीवर वळताच सारी खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात ते थांबते आणि मग काहीच होत नाही. दारू सोडण्याच्या थोडे आधी ते जिन्यावरून पडले होते आणि डोक्याला मार बसला होता. हे गरगरणे त्यानंतरचे आहे. सध्या ते झोपेसाठी एक गोळी आणि चक्करेसाठी एक गोळी, अशा दोन गोळ्या रोज घेतात. दोन्ही औषधाच्या दुकानातून सांगून आणलेल्या आहेत.

घरातला प्रश्न याहून अवघड आहे. काकूंना आणि आजोबांना वाटते की काका अजूनही चोरून पितात, कारण चाल तशीच आहे. काका शपथेवर नाही म्हणतात आणि त्यावरून रोज वाद होतो. फौंड्रीतील सहकारी म्हणतात की आवाजाने कान बिघडला असेल. दारूमुळे कानातील तोल सांभाळणारा भाग खरोखर बिघडतो का, दारू सुटल्यावरही तो त्रास उरतो का, आणि उरत असेल तर त्यावर उपाय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – ए. ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची परस्परमदत संघटना) सभासद, मंगळवार पेठ

मी डॉक्टर नाही. अनेक वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

आमच्या सभांमध्ये हा अनुभव सांगणारे बरेच जण भेटतात. दारू सुटते, पण चालीतली झोकांडी लगेच जात नाही, आणि घरचे लोक आयुष्यभर एकाच खुणेवरून दारू ओळखत आलेले असल्याने तीच खूण पुन्हा दिसली की त्यांचा विश्वास उडतो. काकूंना दोष देता येणार नाही, कारण त्यांनी वीस वर्षे सोसलेले आहे. तरीही न प्यायलेल्या माणसाला रोज प्यायलेला म्हटले गेले, तर आता न पिण्याचा उपयोग काय, हा विचार त्याच्या मनात येतो आणि पुन्हा ग्लास हाती घेण्याचा तो सर्वांत धोकादायक क्षण असतो. म्हणून माझी विनंती आहे की हा वाद तपासणीने मिटवावा. काकांची तयारी असेल तर डॉक्टरांकडे श्वासाची चाचणी करता येते. चालीवरून निकाल देणे थांबवावे.

एक गोष्ट कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगावी. पीत असताना खाटेवर आडवे झालो की छत फिरायचे, एक पाय जमिनीला टेकवला की जरा थांबायचे आणि सकाळी उतारा घेतला की पुन्हा बरे वाटायचे. हे कशामुळे होत असे, याचे उत्तर मला कधी मिळाले नाही.

उत्तर २ – कान-नाक-घसा तज्ज्ञ, राजारामपुरी

आधी ए. ए. सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पुतण्यांच्या प्रश्नातील एक भाग त्यातूनच उलगडतो.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. नलिकेच्या फुगीर टोकाशी जेलीसारखा एक पडदा उभा असतो, त्याला क्युप्युला म्हणतात. डोके वळले की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, त्याच्या बुडाशी असलेल्या केसपेशी उद्दीपित होतात आणि डोके किती व कोणत्या दिशेला वळले हे मेंदूला कळते. निरोगी स्थितीत पडद्याची आणि द्रवाची घनता सारखीच असते, त्यामुळे माणूस कोणत्याही कुशीवर झोपला तरी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडदा हलत नाही. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. तो रक्तातून आधी पडद्यात शिरतो, कारण पडदा केशवाहिन्यांच्या जवळ आहे. द्रवात तो सावकाश पोहोचतो. परिणामी पिण्यास सुरुवात केल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने पडदा द्रवापेक्षा हलका होतो आणि माणूस आडवा झाला की आपोआप वर सरकू लागतो. डोके स्थिर असते, पण मेंदूला संदेश मिळतो की ते फिरत आहे. डोळेही हिसक्याहिसक्याने एका बाजूला सरकतात. ही अवस्था तीन-चार तास टिकते. पुढे द्रवातही मद्यार्क पसरला की घनता पुन्हा सारखी होते आणि काही काळ शांतता मिळते. पिऊन पाच-सहा तास उलटल्यावर मद्यार्क आधी पडद्यातून बाहेर पडतो, पडदा द्रवापेक्षा जड ठरतो आणि गरगरणे उलट्या दिशेने सुरू होते. पहाटेची भोवळ ती हीच, आणि रक्तातील मद्यार्क संपल्यानंतरही ती काही तास राहू शकते. उताऱ्याचा घोट घेतला की पडदा पुन्हा हलका होऊन तात्पुरती बरोबरी साधली जाते. म्हणूनच बरे वाटते आणि म्हणूनच ती सवय माणसाला दिवसभर पिण्याकडे ओढत नेते. १९७४ मध्ये मनी आणि माइल्स या संशोधकांनी जड पाणी वापरून याची पडताळणी केली होती: मद्यार्काच्या उलट, म्हणजे पडदा जड करणारा पदार्थ दिला की डोळ्यांची हालचालही उलट्या दिशेने होते. पाय जमिनीला टेकवल्याने पडदा काही सुधारत नाही, पण स्थिर जमिनीची खबर तळपायाकडून मिळाल्यामुळे मेंदूला खोट्या संदेशाविरुद्ध एक साक्षीदार मिळतो.

हा सर्व परिणाम तात्पुरता आहे. दारू शरीरातून पूर्ण गेली की पडदा पूर्ववत होतो. तेव्हा दोन महिने न प्यायलेल्या काकांच्या त्रासाचे कारण हे नाही आणि ते दुसरीकडे शोधावे लागेल.

उभे राहताना आणि चालताना मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: अंतर्कर्ण, डोळे आणि पायांतील संवेदना. या माहितीचा मेळ घालून स्नायूंना वेळेवर आज्ञा देण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. दीर्घकाळ केलेल्या मद्यपानाने सर्वाधिक कायमस्वरूपी नुकसान कानाचे होते, असा समज असेल तर तो मी दूर करू इच्छितो. नुकसान होते ते लहान मेंदूचे आणि पायांच्या मज्जातंतूंचे. लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा पुढचा-वरचा भाग आणि त्यातील पुरकिंजे नावाच्या चेतापेशी यांचा ऱ्हास होतो. हा भाग धड आणि पाय सांभाळतो, म्हणून हात व बोलणे बऱ्यापैकी ठीक असतानाही माणूस पाय फाकवून चालतो आणि एका पावलाच्या टाचेपुढे दुसरे पाऊल लावून सरळ रेषेत चालणे त्याला जमत नाही. आपण केलेले वर्णन याच्याशी जुळते.

अंधारात आणि डोळे मिटल्यावर तोल अधिक जातो, हे दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवते. पायांचे मज्जातंतू कमजोर झाले की जमिनीची खबर अपुरी येते आणि माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. साबणासाठी डोळे मिटले की तो आधारही जातो. काकांना तळपायांना मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही का, गादीवरून चालल्यासारखे वाटते का, हे विचारून पाहा.

या दोन्ही बिघाडांमागे दारूच्या थेट विषारी परिणामाबरोबर ब जीवनसत्त्वांची, विशेषतः ब-१ म्हणजे थायमिनची, कमतरता असते. सतत पिणारा माणूस कमी जेवतो आणि जे जेवतो त्यातील थायमिनचे शोषण दारू आतड्यात रोखते. शरीरातील साठा मुळातच थोडा, काही आठवडे पुरेल इतकाच असतो. ही कमतरता तीव्र झाली की वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला आजार उद्भवतो. गोंधळलेली मनःस्थिती, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड आणि तोल जाणे ही त्याची तीन लक्षणे आहेत, पण तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात. कानाकडून आलेले संदेश स्वीकारणारी मेंदूतील केंद्रेही त्यात सापडतात. येथे एक गोष्ट सर्व वाचकांनी लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘एक सलाइन लावून घ्या’ असा आग्रह घरचेच धरतात. फार दिवस पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेले थायमिनही वापरले जाऊन हा आजार उफाळू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या पिण्याची माहिती लाजेखातर दडवू नये; डॉक्टरांना ती कळली तर ते आधी थायमिनचे इंजेक्शन देतील.

आता अंथरुणातील गरगरण्याविषयी. ठरावीक कुशीवर वळल्यावर येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी आणि डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली भोवळ बहुधा कानातील स्फटिक जागेवरून सरकल्यामुळे असते. अंतर्कर्णातील एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. धक्क्याने ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि डोके वळले की नलिकेतील द्रव ढवळतात. येथे दारूचा संबंध अप्रत्यक्ष आहे: दारूने माणूस पडला आणि पडल्याने कान बिघडला. तपासणी टेबलावर डोके विशिष्ट कोनात झुकवून डोळ्यांची हालचाल पाहिली की निदान होते, आणि एप्ली यांनी शोधलेल्या पद्धतीने डोके क्रमाने वळवून स्फटिक परत पिशवीत आणता येतात. अनेक रुग्णांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. चक्करेच्या गोळ्यांनी स्फटिक हलत नाहीत.

त्या पडण्याविषयी एक काळजी मात्र आहे. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये डोक्याच्या माराने कवटीच्या आत सावकाश रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात. वाढत जाणारी डोकेदुखी, पेंग, उलट्या, एका बाजूचा अशक्तपणा किंवा वागण्यात बदल यांपैकी काहीही असेल, तर वेळ न दवडता सीटी स्कॅन करून घ्यावा. लक्षणे नसली तरी तपासणीच्या वेळी या पडण्याचा उल्लेख करावाच.

फौंड्रीतील आवाजाने ऐकू येणे कमी होते आणि कानात शिटीसारखा आवाज राहतो. अशी चाल सहसा होत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची चाचणी, तरीही करून घ्यावी. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, कान-नाक-घसा विभाग आहे.

उत्तर ३ – फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क

डॉक्टरांच्या विवेचनाला मी दोन गोळ्यांचा मुद्दा जोडू इच्छिते, कारण तो मला तातडीचा वाटतो.

झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा त्या गटातील असेल, तर ती स्वतःच तोल बिघडवते. मेंदूतील ज्या यंत्रणेवर दारू काम करते, तिच्यावरच या गोळ्या काम करतात, आणि दारू सुटलेल्या माणसाला त्यांची सवय सहज लागते. घाबरून ती एकदम बंदही करू नये, कारण त्याने अस्वस्थता, चक्कर आणि कधी झटकेही येऊ शकतात. मानसोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. चक्करेची गोळी प्रोक्लोरपेराझिन असेल, तर ती थोड्या दिवसांपुरतीच घ्यायची असते. अनेक आठवडे घेतल्यास चाल मंदावणे, अंग ताठरणे आणि थरथर अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. शिवाय कानाच्या बिघाडाशी जुळवून घेण्यासाठी मेंदूला तोल चुकत असल्याचे संदेश मिळावे लागतात, आणि ही गोळी नेमके तेच दाबून टाकते.

तोल हा सरावाने सुधारतो. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अशा रुग्णांसाठी व्यायाम बसवले. आजचे व्यायाम त्यांचेच पुढचे रूप आहे. स्फटिकांचा उपचार झाल्यावर काकांकडून पुढील गोष्टी करून घेता येतील. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठे अक्षर चिकटवावे, त्यावर नजर स्थिर ठेवून मान डावी-उजवी वळवावी आणि अक्षर अंधूक होणार नाही इतकाच वेग ठेवावा. खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, पाय जवळ घेऊन उभे राहावे. ते जमू लागले की काही क्षण डोळे मिटावेत. मग टाचेपुढे पाऊल लावून चालण्याचा सराव भिंतीलगत करावा. सुरुवातीला या व्यायामांनी थोडे गरगरणारच. प्रत्येक वेळी घरातील कोणीतरी जवळ उभे राहिले पाहिजे, आणि हे काम काकूंनी केले तर उत्तम. पती प्रयत्न करताना रोज समोर दिसला की संशयही हळूहळू विरतो. रंकाळ्यावर फिरायला जायचे असेल तर उजेडात आणि सोबतीने जावे.

घरातले बदल साधे आहेत: मोरीत हाताला येईल असा दांडा, ओल्या फरशीवर रबरी चटई, जिन्याला दोन्ही बाजूंनी आधार आणि रात्री दिवा.

उपप्रश्न – वाचक, गडहिंग्लज

माझी आई दारूला शिवत नाही, पण दिवसातून अनेकदा मशेरी लावते. मशेरी लावल्यावर तिला भोवळ येते आणि थोड्या वेळाने जाते. याचाही कानाशी संबंध असू शकतो का?

उत्तर ४ – कान-नाक-घसा तज्ज्ञ, राजारामपुरी

असू शकतो. मशेरीतील निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. तोलाच्या यंत्रणेवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो आणि त्याने डोळ्यांची हिसकेदार हालचाल झाल्याचेही मोजले गेले आहे. त्याबरोबर ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी एकटीच असते, तिला पर्यायी वाट नाही, त्यामुळे तेथील रक्तपुरवठा कमी झाला तर भरपाई होत नाही. आपल्या शेजारच्या निपाणी भागात तंबाखूचे पीक घेतले जाते. ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना चक्कर आणि उलट्या होतात, हे तंबाखूच्या शेतीत सर्वत्र आढळते, कारण निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. आपल्या आईंचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिनही तपासावे. सगळ्याच भोवळीचा दोष मशेरीवर टाकू नये, पण मशेरी सोडण्यासाठी हे कारण पुरेसे आहे.

याच ओघात पालकांसाठी एक इशारा. गॅरेजमध्ये किंवा रंगकामावर जाणारी काही मुले थिनर हुंगतात. त्यातील टोल्युइन ऐकण्याची शक्ती आणि लहान मेंदूकडे जाणारे तंतू, दोन्ही नष्ट करू शकते, आणि तेही कोवळ्या वयात. अफूजन्य वेदनाशामकांच्या अतिसेवनानंतर दोन्ही कानांनी झपाट्याने बहिरेपणा आल्याचेही रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. मदत हवी असल्यास व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते.

पुतण्या, शिवाजी पेठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांची तपासणी झाली. उजव्या कानातील स्फटिक सरकलेले होते. डॉक्टरांनी डोके वळवून उपचार केला आणि त्या रात्रीपासून कुशीवर वळताना खोली फिरलेली नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्त साचलेले नाही, मात्र लहान मेंदू थोडा आकसलेला दिसतो, असे सांगितले. तळपायांची संवेदना कमी आहे. थायमिनची इंजेक्शने सुरू झाली असून दोन्ही गोळ्यांबाबत मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तपासणीला काकू सोबत होत्या. डॉक्टरांनी काकांना डोळे मिटून उभे केले, तेव्हा त्यांनी स्वतः काकांचा दंड धरला.

आता काका कामावर जाण्याचा आग्रह धरत आहेत. किती सुधारणा अपेक्षित धरावी आणि कामावर कधी पाठवावे?

उत्तर ५ – कान-नाक-घसा तज्ज्ञ, राजारामपुरी

कानाचा भाग जवळपास सुटला आहे. स्फटिक पुन्हा सरकू शकतात, तसे झाल्यास तोच उपचार पुन्हा करता येतो. लहान मेंदूचा ऱ्हास दारू बंद असेपर्यंत बहुधा थांबतो आणि उभे राहण्यात व चालण्यात पुढील अनेक महिने सुधारणा होत राहते, पण ती पूर्ण होईलच असे आश्वासन देता येत नाही. पायांचे मज्जातंतू सर्वांत सावकाश सुधारतात. डोळे मिटल्यावरचा तोल सगळ्यात शेवटी येतो आणि थोडी उणीव कायमही राहू शकते. पुन्हा पिणे सुरू झाले तर मात्र मिळवलेलेही जाईल.

कामाबाबत स्पष्ट सांगतो. वितळलेल्या लोखंडाच्या ओतकामाजवळ, उंचीवर किंवा क्रेनखाली त्यांनी सध्या जाऊ नये आणि दुचाकीही चालवू नये. डॉक्टरांचे पत्र घेऊन, बसून आणि दिवसाच्या उजेडात करता येईल असे काम, उदाहरणार्थ कोअरची, म्हणजे साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याची, तपासणी, मागता येईल. रात्रपाळी नको. सहा आठवड्यांनी टाचेपुढे पाऊल लावून चालण्याची आणि डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी पुन्हा घ्यावी व मोल्डिंगचा विचार त्यानंतर करावा.